अजून गेले नाहीत

टायर गेले होते. गिऱ्हाइकाची जुनी लाल गाडी, मागच्या सीटवर दोन टायर, डिकीत दोन, डिकीचं झाकण सुतळीनं बांधलेलं, अशी ती सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडून मार्केट यार्डाच्या दिशेनं वळलेली सुदर्शननं स्वतः पाहिली होती. मग तो जिना चढून वर आला. तळहाताला रबराचं काळं लागलं होतं, ते धुवायला बेसिनपाशी उभा राहिला, साबण चोळला, आणि तेवढ्यात फोन वाजला. निशाचा फोन. त्याची बायको बेंगळुरूहून रोज याच सुमाराला, नातू झोपला की, फोन करायची. ओल्या बोटानं त्यानं स्पीकर चालू केला. "काय हो, गेले का टायर?" तिनं नेहमीसारखं विचारलं. आणि साबणाच्या फेसातून वर येणाऱ्या आपल्या काळ्या हातांकडे बघत सुदर्शन म्हणाला, "नाही. अजून नाही गेले."

आपण असं का म्हणालो ते त्याला कळलं नाही. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. खरं तर बोलायचीच फारशी सवय नव्हती. नळ तसाच वाहत होता. पलीकडून निशा म्हणाली, "तुम्ही भाव जास्त सांगत असाल," आणि एवढ्यावर रोजचा फोन संपत यायचा. यानंतर ती जेवण काय केलं विचारायची, तो पोळीभाजी म्हणायचा, ती बरं म्हणायची, की झालं. पण आज तो म्हणाला, "एक जण येऊन गेला." "कोण?" निशानं विचारलं. त्या एका शब्दाशी सुदर्शन थबकला. असं तिनं काही विचारलं त्याला किती काळ लोटला होता कोण जाणे. तिचे प्रश्न हल्ली दारावरून जाताना कडी नीट लागलीय ना बघावी तसे असत. हा तसा नव्हता. "सदाशिव पेठेतले एक गृहस्थ," तो म्हणाला. "टायरला नाक लावून वास घेतला. म्हणाले, रबर मुरलेलं नाही अजून." पलीकडे निशा हसली. मोठ्यानं नाही, नातू झोपला होता, पण हसली. नळ बंद करायचा राहून गेल्याचं त्याच्या ध्यानात आलं ते फोन ठेवल्यानंतर.

निशा गेली होती ती अवनीच्या बाळंतपणाला. पोरगी एकटी आहे, जावई कामात असतो, बाळ जरा मान धरेपर्यंत राहते, असं म्हणून गेली. बाळानं मान धरली. मग ते बसायला लागेपर्यंत, मग रांगायला लागेपर्यंत, मग थंडीत नको म्हणून, मग अवनी कामावर रुजू झाली म्हणून. प्रत्येक कारण खरं होतं. एकाही कारणात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि ती सगळी कारणं एकापुढे एक लागत गेली तशी बिबवेवाडीतल्या या दोन खोल्यांच्या घरातून निशा हळूहळू पुसली गेली. न भांडता, न रुसता. तिची चप्पल दाराशी होती. तिचा पुसट गुलाबी टॉवेल दोरीवर होता, तो सुदर्शन दर रविवारी धुऊन पुन्हा तिथेच टाकायचा. मध्ये एकदा त्याच्या मनानं घेतलं की आपणच गाडी घेऊन बेंगळुरूला जायचं, चार दिवस राहायचं, आणि येताना तिला शेजारी बसवून आणायचं. एवढा पल्ला त्या छोट्या गाडीनं कधी मारला नव्हता. म्हणून त्यानं चारही टायर नवे घातले, हवा भरून घेतली, मागच्या सीटवर तिच्यासाठी उशीसुद्धा आणून ठेवली. फोनवर सांगितलं तेव्हा निशा म्हणाली, "अहो, कशाला एवढ्या लांब गाडी दामटताय? मी काही इतक्यात निघत नाहीये." इतक्यात हा शब्द तिनं सहज वापरला. तो पुढे कितीतरी दिवस त्या शब्दाचं माप घेत बसला. आणि मग एके दिवशी, एकट्या माणसाला गाडी लागते कशाला असं अवनी म्हणाली म्हणून, त्यानं गाडी विकून टाकली. घेणारा सलिल नावाचा कोंढव्यातला आयटीतला मुलगा. त्यानं गाडीला चकचकीत चाकं आणि रुंद टायर बसवून घेतले आणि काढलेले टायर आपणहून परत आणून दिले. म्हणाला, "काका, हे ऑलमोस्ट ब्रँड न्यू आहेत. तुम्हीच सेल करा, मला गिल्टी वाटेल." टायर पार्किंगमध्ये जिन्याशेजारी रचून ठेवले गेले, डासांवरून सोसायटीची सूचना लागली, आणि सुदर्शननं जुन्या वस्तूंच्या ॲपवर त्यांचा फोटो टाकला. फोटोत टायरांवर त्याची स्वतःची सावली पडली होती. ती कशी काढायची ते त्याला माहीत नव्हतं.

तेव्हापासून निशाच्या रोजच्या फोनला एक विषय मिळाला होता. टायर गेले का? हे त्याला आत्ता, हात पुसताना, उमगत होतं. गेले म्हटलं असतं तर उद्या तिनं काय विचारलं असतं?

संध्याकाळी टायर घ्यायला आलेलं ते जोडपं लोणी काळभोरचं होतं. गेनबा पुढे आणि मथुराबाई मागे, पण बोलण्यात मथुराबाई पुढे. जावयानं दिलेली गाडी, तिच्यातून पहाटे फुलं मार्केटला आणायची, टायर पार गुळगुळीत झालेले, हे सगळं सुदर्शनला त्यांनी न विचारता सांगितलं. गेनबांनी उकिडवं बसून टायरच्या खाचांत बोटं घातली. "ह्ये तर चाललंच न्हाईत की," ते म्हणाले. "गाडी कुठं न्हेलीच न्हाई का सायेब?"

"जायचं होतं," सुदर्शन म्हणाला. "राहून गेलं."

"आमचं ह्येच्या उलटं बघा," मथुराबाई म्हणाल्या. "टायर नसताना निम्मं जग फिरलो आमी."

"निम्मं जग म्हंजी थेऊर," गेनबा मान वर न करता म्हणाले.

"आन् जेजुरी? जेजुरी इसरला व्हय? वाटंत कुनी ढकलली गाडी, त्ये सांगा की भावास्नी."

गेनबांनी सांगितलं नाही, नुसते गालात हसले. मग घासाघीस झाली, तीही त्या दोघांतच जास्त. सुदर्शन बाजूला उभा राहून बघत होता. मथुराबाई सरळ एका टायरवर बसल्या होत्या, लुगड्याला काळं लागेल याची पर्वा न करता, आणि नवऱ्याला नावं ठेवत होत्या. सुतळी तुटेल, अशी बांधा, तशी नको, मागल्या वेळी काय झालं आठवा. गेनबा त्या म्हणतील त्याच्या नेमकं उलट करत होते आणि तरी ते एकच काम चाललं होतं. त्यांच्या मधल्या जागेत सतत काहीतरी ये-जा करत होतं. सुदर्शनला वाटलं, आपण दोघं असे कधी कुठल्या वस्तूच्या दोन बाजूंना उभे राहिलो होतो का? मथुराबाईंनी वर खिडक्यांकडे पाहिलं. "घरात बाई न्हाईत का?" "लेकीकडे गेलीय. बेंगळुरूला." "कवा येनार?" "येईल." मथुराबाईंनी त्याच्याकडे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं. "फोन करत्यात न्हवं?" "रोज." "मंग बरं हाय," त्या म्हणाल्या आणि उठून लुगडं झटकत गाडीत बसल्या. गाडी वळेपर्यंत त्यांचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी फोन येण्याआधीच सुदर्शन खुर्चीत तयार बसला होता. त्यानं मनाशी एक माणूस जुळवून ठेवला होता: खडकीचा, नवीन लग्न झालेला, ज्याला गाडी नाहीच, फक्त एकच टायर हवाय, अंगणातल्या झाडाला झोका बांधायला. "मग दिला का?" निशानं विचारलं. "एक कसा देणार? उरलेले तीन कोण घेईल?" "द्यायचा होतात," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "खडकीत कुठे?" तो म्हणाला, आपल्या जुन्या क्वार्टरच्या मागच्या बाजूला. त्यावर ती बराच वेळ बोलली. ती चिंच अजून असेल का, ती पाण्याची टाकी, ती दोन घरं सोडून राहणारी बाई जी सगळ्यांच्या पापडांवर लक्ष ठेवायची. तो ऐकत होता आणि मधून मधून त्या खोट्या माणसाला त्या खऱ्या जागेत हलवत होता.

खडकीतल्या फॅक्टरीत तो लागला तेव्हा यवतमाळहून पुण्याला आलेला अगदी नवा माणूस होता. पहिल्याच आठवड्यात त्यानं कुणाला तरी "साहेब येऊन राहिले", म्हणजे वऱ्हाडीत येताहेत, असं सांगितलं, आणि शेजारच्या टेबलावरचा पुणेरी माणूस मान न वळवता म्हणाला, "येऊन राहिलेत तर राहू देत. भाडं घ्या म्हणजे झालं." लोक हसले. एवढंच. त्यात दुष्टपणा नव्हता, पुढे तोच माणूस त्याच्या लग्नाला यवतमाळपर्यंत आला. पण त्या दिवसापासून सुदर्शन वाक्य तोंडातून बाहेर काढण्याआधी आत फिरवून बघू लागला, आणि फिरवून बघता बघता पुष्कळशी वाक्यं आतच राहू लागली. पुढे त्याची भाषा सुधारली, स्वच्छ झाली, इथल्यासारखी झाली. पण तोवर बोलण्याची गोडी गेली होती. निशा अमरावतीची. ती मात्र क्वार्टरच्या पायरीवर बसून भाजी निवडता निवडता आपल्या बोलीत दिवसाचा सगळा वृत्तांत सांगायची, आणि तो पेपर समोर धरून हुंकार द्यायचा. त्याला ते आवडायचं. पायरीवरचं ते बोलणं घरात दिवा असावा तसं त्याला हवं असायचं. पण दिव्याला कुणी उत्तर देत नाही. पुढे बिबवेवाडीत फ्लॅट घेतला तेव्हा पायरी गेली, आणि हळूहळू तिचं बोलणंही गेलं. कधी गेलं ते त्याला सांगता आलं नसतं. एकदा कोथिंबीर धूत असताना ती म्हणाली होती, "तुम्ही घरात असलात ना, की घर जास्तच रिकामं वाटतं." रागानं नाही. कोथिंबिरीला माती फार आहे असं म्हणावं तसं. त्यावरही त्यानं हुंकारच दिला होता.

आता मात्र तो बोलत होता. रोज एक गिऱ्हाईक. फोनआधीचा दिवस त्यातच जाऊ लागला. तो चौकातल्या पंक्चरच्या दुकानासमोर जाऊन उभा राहायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं कानांत साठवायचा. मार्केट यार्डात हमालांच्या चहाच्या टपरीवर बसायचा. एकदा तर बस बदलून खडकीला जाऊन आला, फक्त ती चिंच आहे का बघायला. चिंच होती, खाली कुणाच्या तरी दुचाक्या लावलेल्या होत्या. संध्याकाळी निशाला त्यानं सांगितलं की आज आलेल्या बाई कविता करतात आणि टायरमध्ये त्यांना सदाफुली लावायची आहे. "आणि रंग देणार म्हणे. पिवळा." "मग तुम्ही काय म्हणालात?" "मी म्हटलं, आधी डासांना विचारा." निशा हसताना म्हणाली, "काय बोलून राहिले तुम्ही," आणि ते बोलून राहिले त्याच्या कानात असं काही उतरलं की त्याला खिडकीशी जाऊन उभं राहावं लागलं. तोही मग तसंच बोलू लागला. गिऱ्हाईक येऊन राहिलं, बघून राहिलं, डोकं खाऊन राहिलं. फोन लांबत गेले. कधी पलीकडे नातू उठून रडायचा तरी ती त्याला कडेवर घेऊन ऐकत राहायची. आपण निशाला परत मिळवतो आहोत, असं सुदर्शनला वाटू लागलं. तो विचार त्यानं पुरता डोळ्यांसमोर येऊ दिला नाही. पण रविवारी टॉवेल धुताना तो शीळ घालत होता, आणि वाण्याकडून त्यानं तिला लागतो तसला, जाड रव्याचा पुडा आणला.

खाली पार्किंगमध्ये, जिथे टायर होते तिथे, तळमजल्यावरची शेफाली तिची स्कूटर लावायला लागली होती. शेफाली निशाची मैत्रीण. वयानं बरीच लहान, पण दोघींचं जमायचं. एका सकाळी हेल्मेट काढता काढता ती म्हणाली, "काका, चालेल ना इथे लावलेली? म्हणजे तुम्ही दुसरं काही आणून ठेवणार नसाल तर." "चालेल की," सुदर्शन म्हणाला. ती जायला वळली आणि मग जरा घुटमळून म्हणाली, "काकूंशी बोलणं होतं ना तुमचं?" "रोज होतं." "हो, म्हणाल्या त्या," शेफाली म्हणाली आणि आत गेली. तो जिना चढू लागला. अर्ध्यावर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं. शेफाली निशाशी बोलते. शेफाली रोज त्या रिकाम्या जागेत स्कूटर लावते. तो कठड्याला धरून उभा राहिला. वरून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली, मग दुसरी. एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही? की ती लक्षात येऊ द्यायची नव्हती?

त्या दिवशी तो कुठेच गेला नाही. पंक्चरच्या दुकानापाशी नाही, टपरीवर नाही. खुर्चीत बसून राहिला. ऊन फरशीवरून सरकत सोफ्याच्या पायापर्यंत गेलं. आज सांगायला एक माणूस त्यानं जुळवला होता, धनकवडीचा, नाटकात काम करणारा; पण तो आता उभाच राहीना. फोन आला तेव्हा निशानं काही विचारलं नाही. टायरचं नाही, जेवणाचं नाही. "हॅलो" म्हणून ती थांबली. मग सुदर्शनच म्हणाला, "टायर गेलेत."

"हो," निशा म्हणाली. "शेफाली म्हणाली होती."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस. गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

म्हणजे ती झोक्याच्या माणसाला ओळखत होती. पिवळ्या रंगाच्या बाईला, सगळ्यांना. त्या सगळ्या संध्याकाळी एकेक करून त्याच्या समोरून गेल्या. त्यांतली प्रत्येक त्यानं उलटी करून बघितली आणि प्रत्येकीच्या आतल्या बाजूला निशा जाणूनबुजून ऐकत बसलेली होती. "मग बोलली का नाहीस?" त्यानं विचारलं.

"तुम्ही बोलत होतात ना," ती म्हणाली.

रस्त्यावरून कुठलीशी गाडी मागे घेतल्याची धून वाजत होती, ती थांबली. त्यानं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. जो प्रश्न त्यानं मान धरण्याआड, रांगण्याआड, थंडीआड आणि शेवटी चार टायरांच्या आड ठेवला होता, तो आता उघड्यावर पडला होता, आणि विचारण्यावाचून दुसरं काही उरलं नव्हतं. "निशा, तू येणार आहेस का?"

"नाही," ती म्हणाली. मग, घाईनं नाही, सावकाश: "टायर गेले की तुम्हाला सांगायचं असं मी ठरवलं होतं. रोज विचारायचे ते त्यासाठीच. म्हटलं, तेवढं एक काम हातावेगळं होऊ दे त्यांचं, मग सांगू. आणि मग ते गेल्याचं कळलं, तरी तुमचं गिऱ्हाईक येतच होतं. म्हटलं बरं. मलाही कुठे घाई होती."

"माझं काही चुकलं असेल..."

"तसं नका म्हणू. राग असता तर येऊन भांडले असते." मग ती म्हणाली, "ते खोटे लोक मला फार आवडले. खरंच सांगते. रात्री अवनीला सांगायचे एकेक. पण त्यांच्यासाठी त्या घरात परत येऊन राहायचं, ते नाही होणार माझ्यानं. मी तिथे बोलायची बंद झाले होते हो. इथे येऊन मला माझा आवाज ऐकू आला, तेव्हा मीच दचकले."

सुदर्शनच्या मनात बरंच काही आलं. मी आता बोलतो की. आपण खडकीला घर बघू. तू म्हणशील तिथे. ती सगळी वाक्यं जिभेपर्यंत येऊन उभी राहिली, आणि यावेळी ती त्यानं भाषेच्या भीतीनं आत ढकलली नाहीत. ती गिऱ्हाइकासारखी वाटली म्हणून ढकलली. भाव पाडून मागणारी. तिनं नाही म्हटलं होतं. तिच्या त्या शब्दाला पहिल्यांदाच कुठलंही कारण चिकटलेलं नव्हतं. घरात अंधार उतरत होता, दिवा लावायला उठायला हवं होतं, पण उठलं तर काहीतरी मोडेल असं त्याला वाटलं. मग त्यानं विचारलं, "करमतं का तुला तिथे?"

हे तिला अपेक्षित नसावं. "करमतं," ती म्हणाली.

"काय करतेस दिवसभर?"

"खरंच सांगू?"

"सांग."

मग ती सांगू लागली. आधी अडखळत, मग न अडखळता. अवनीच्या घराखाली एक पाळणाघर आहे, तिथे ती सकाळी जाते, पोरांना भरवते, आणि पोरं तिला अज्जी म्हणतात. कानडी आता पुष्कळ समजतं. भाजीवाली मुद्दाम चुकीचे शब्द शिकवते आणि मग सगळा बाजार हसतो, त्यात तीही हसते. संध्याकाळी तळ्याकाठी चार जणी जमतात. एक मंगळूरची, एक बंगाली, एकीचं नाव अजून नीट म्हणता येत नाही. तिथे बाक आहे, त्यावर तिची जागा ठरलेली आहे, टोकाची, म्हणजे पाय लांब करता येतात. पाऊस आला तर समोरच्या गिरणीत जाऊन उभ्या राहतात आणि गिरणीवाला त्यांना खुर्च्या देतो. ती सांगत गेली. सुदर्शनला ते तळं दिसलं, बाक दिसला, पिठानं पांढरा झालेला तो गिरणीवाला दिसला, आणि ती दिसली, पाय लांब करून बसलेली, आपल्या बोलीत काहीतरी बोलणारी. त्या सबंध चित्रात त्यानं स्वतःला शोधून पाहिलं. कुठल्याही कोपऱ्यात तो नव्हता, आणि तो नाही म्हणून तिथे काही अडलेलंही नव्हतं. खोलीत आता काहीच दिसत नव्हतं. "ऐकताय ना?" निशानं मध्येच विचारलं. "ऐकतोय," तो म्हणाला. "मग त्या गिरणीवाल्याचं काय झालं?"